काठी, तेल आणि जोराची मात्रा

कथकली शिकणाऱ्या मुलांचं पावसाळ्यात पायांनी मर्दन करण्याची केरळात जुनी पद्धत आहे. अंगभर तेल लावलेला मुलगा चटईवर पालथा झोपतो आणि गुरू उभ्यानं त्याच्या पाठीवरून, मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून तळपाय फिरवतो. हीच पद्धत कळरीपयट्टू या केरळी युद्धकलेच्या आखाड्यांतही आहे. कथकलीकडे ती तिथूनच आली. मर्दन करणाऱ्याच्या डोक्यावर छताला बांधलेला दोर किंवा टांगलेला आडवा दांडा असतो आणि तो त्यानं हातांनी घट्ट धरलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं, तेलावरून पाय घसरू नये म्हणून आधार घेतलाय. तोल सांभाळायला त्याचा उपयोग होतोच, पण खरं काम वेगळं आहे. साठ-सत्तर किलोचा माणूस बारा वर्षांच्या पोराच्या पाठीवर नुसता उभा राहिला तरी बरगडी जायची. दांड्याला धरून तो आपलं वजन हातांवर तोलून घेतो, मांडीच्या जाड स्नायूवर थोडं खाली सोडतो, कण्याजवळ आलं की उचलतो, गुडघ्याच्या मागच्या लवणात जवळजवळ सगळंच काढून घेतो. हातातला हा दांडा जोर वजा करण्यासाठी आहे.

काठीबद्दल आपला सर्वसाधारण समज याच्या अगदी उलट आहे. काठी म्हणजे हाताची लांबी आणि माराचा जोर वाढवणारी वस्तू, असं आपण धरून चालतो. पोलिसांच्या लाठीनं हा समज आणखी पक्का केला आहे. कळरीपयट्टूत काठी कशी शिकवतात आणि त्याच जागेत मर्दन कसं करतात हे शेजारी ठेवून पाहिलं, तर निष्कर्ष वेगळा निघतो. तिथे काठी मुख्यतः जोराची मात्रा शिकवते: किती, कुठे, किती अंतरावरून आणि कुठे थांबायचं. मर्दनही तेच शिकवतं, फक्त अंतर शून्यावर आणून. म्हणून ही दोन कामं एकाच छपराखाली आणि एकाच माणसाच्या हाती असणं हा योगायोग नाही. आज ती वेगळी होत चालली आहेत, काठी रंगमंचावर आणि स्पर्धेच्या चटईवर, तेल रिसॉर्टच्या खोलीत. या वाटणीत दोघांचंही नुकसान आहे, असं माझं म्हणणं आहे.

उत्तर केरळच्या, म्हणजे वडक्कन परंपरेतली कळरी ही जमिनीत खणलेली खोलगट जागा असते. शास्त्राप्रमाणे लांबी ४२ फूट आणि रुंदी २१ फूट, दार पूर्वेला, नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पुत्तरा, म्हणजे पूजेची जागा. शिकवणारा तो गुरुक्कळ. शिक्षणाचे टप्पे ठरलेले आहेत. आधी मेय्तारी, म्हणजे निव्वळ शरीराचे व्यायाम: पायफेक, उड्या, वळणं आणि हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मांजर, कोंबडा, मोर अशा प्राण्यांच्या पवित्र्यांचा अभ्यास. मग कोल्तारी, लाकडी आयुधांचा टप्पा. त्यानंतर अंकत्तारी, जिच्यात कट्यार, ढाल-तलवार, भाला आणि शेवटी उरुमी ही लवचिक पात्याची तलवार येते. सगळ्यांत शेवटी वेरुंकै, रिकामा हात. कराटेच्या वर्गात पहिल्या दिवसापासून ठोसा शिकणाऱ्यांना हा क्रम उफराटा वाटेल. पण तो मुद्दाम तसा आहे आणि आपला मुद्दा या क्रमातच दडलेला आहे.

कोल्तारीची सुरुवात केट्टुकारीनं होते. ही साधारण पुरुषभर उंचीची वेताची किंवा बांबूची काठी, दोन्ही हातांनी धरायची. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि गुरुक्कळच्या तोंडून वायत्तारी, म्हणजे तालात म्हटलेल्या आज्ञा, सुरू होतात. कोण कधी मारणार, कोण कुठे अडवणार, हे दोघांनाही आधीच माहीत असतं. नवख्या प्रेक्षकाला यात लुटुपुटीची लढाई दिसते. पण पुढची चाल ठाऊक असते म्हणूनच शिकणाऱ्याचं सगळं लक्ष चाल ओळखण्यापासून सुटून अंतरावर आणि जोरावर बसतं. समोरच्याची काठी ज्या जागी यायला हवी तिथे आपली काठी नेमक्या क्षणी हवी. जरा लवकर किंवा उशिरा आली तर आवाज बदलतो. चांगल्या जोडीच्या काठ्यांचा आवाज एकसारखा येतो. जोर जास्त झाला की हिसका दोघांच्याही मनगटात शिरतो. चूक कळायला कोणी सांगावं लागत नाही. वेतातून आलेला धक्का सांगतो. लोखंडाच्या तलवारीत ही सोय नाही, तिथे चुकीची शिक्षा जखमेनं मिळते. रिकाम्या हातात तर ती सोय आणखी कमी, कारण आपल्या मुठीचा जोर आपल्याला नेहमी कमीच वाटतो.

केट्टुकारीनंतर येते मुच्चाण किंवा चेरुवडी, तीन वितींच्या आसपासची आखूड काठी. अंतर एकदम निम्म्याहून कमी होतं आणि वेग अनेक पटींनी वाढतो. फटके इतके भराभर पडतात की डोळ्यांनी मोजता येत नाहीत. त्यानंतर कोल्तारीतलं सर्वांत विलक्षण आयुध, ओट्टा. हत्तीच्या सुळ्यासारखी वाकडी, टोकाला गोळा असलेली, सहसा चिंचेच्या लाकडाची. ती सरळ लांबवून मारताच येत नाही. खाली वाकून, हत्तीच्या पवित्र्यात कंबर सोडून, प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ जावं लागतं आणि गोळ्याचं टोक मर्मस्थानी लावावं लागतं. ओट्टा प्रत्येकाला शिकवत नाहीत. ज्याच्या स्वभावाची खात्री पटली त्यालाच ती मिळते, आणि मर्मांची ओळखही बहुधा त्याच सुमारास सुरू होते. आता तिन्ही काठ्या ओळीनं मांडून पाहा. पुरुषभर, तीन वीत, मग अंगाला अंग भिडेल एवढी. काठी आखूड होत जाते तसं माणसामाणसातलं अंतर कमी होतं आणि चुकीची किंमत वाढते. वेरुंकैमध्ये काठी पूर्ण नाहीशी होते. मर्दनात अंतरही नाहीसं होतं; समोरचं शरीर प्रतिकार न करता, उघडं, तेल लावलेलं, आपल्या तळपायाखाली पडलेलं असतं. या शिक्षणाची ही शेवटची आणि सर्वांत कठीण परीक्षा आहे, असं मला वाटतं.

इथे कोणी म्हणेल की मधे तलवार आणि भाला आहेत, आणि ते काही ओट्टाहून आखूड नाहीत. तेव्हा ही उतरंड लेखकानं जुळवलेली आहे. आक्षेप रास्त आहे. लोखंडी टप्पा या सरळ रेषेत बसत नाही. पण लाकडी टप्प्याच्या आतला क्रम आणि वेरुंकैचं शेवटी असणं या दोन गोष्टी परंपरेनंच ठरवलेल्या आहेत. अंकत्तारीत अंतराचा नवा धडा नाही. तिथे वजन आणि धार यांची भर पडते. लाकडावर मात्रा शिकलेल्या हातातच लोखंड दिलं जातं, एवढं तरी निर्विवाद.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. पळश्शी राजाचं इंग्रजांविरुद्धचं बंड १८०५ मध्ये मोडल्यावर मलबारात शस्त्रं बाळगण्यावर कंपनी सरकारनं कडक बंधनं घातली. कळऱ्या ओस पडल्या. ज्या टिकल्या त्या चोरून, आणि बऱ्याच गुरुक्कळांनी हाडं बसवणं, मर्दन करणं यावर पोट भरलं. तेव्हा काठीचं आणि तेलाचं महत्त्व ही पराभवानंतरची तडजोड आहे, तलवार गेली म्हणून काठी आली आणि लढाई गेली म्हणून मालिश आली, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. विसाव्या शतकात तलश्शेरीला कोट्टक्कल कणारन गुरुक्कळ आणि त्यांचे शिष्य सी. व्ही. नारायणन नायर यांनी कळरीपयट्टूला पुन्हा उभं केलं, तेव्हा ते युद्धकलेइतकंच शरीरसाधना आणि चिकित्सा म्हणूनही मांडलं गेलं. पण तडजोडीनं सगळं स्पष्ट होत नाही. ओट्टा ही कुठल्याच लोखंडी शस्त्राची नक्कल नाही. तिला मूळ तलवार नाही, कट्यार नाही. आणि अंग तेलानं मऊ करणं बंदीच्या तीनशे वर्षं आधीही महत्त्वाचं असलं पाहिजे, कारण सोळाव्या शतकाच्या आरंभी मलबारात राहिलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगिजानं नायर या लढवय्या जातीच्या मुलांबद्दल लिहिताना नोंदवलं आहे की सातव्या वर्षापासून या शाळांत जाऊन त्यांची शरीरं निसर्गाच्या उलट वाकतील इतकी लवचीक होतात. असं शरीर नुसत्या उड्या मारून घडत नाही.

मर्दनाला कळरीत उळिच्चिल म्हणतात. त्याचे तीन प्रकार सांगतात: थकवा घालवणारं सुखतिरुम्मू, कवायतीसाठी शरीर तयार करणारं कच्चतिरुम्मू आणि दुखापतीवरचं रक्षातिरुम्मू. वेळ पावसाळ्याची, विशेषतः कर्किडकम महिन्याची, जो साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट असतो. हवा दमट आणि थंड, शेतीची कामं उरकलेली, अंग तेल पिऊन घेतं, अशी समजूत. सात किंवा चौदा दिवस हे चालतं आणि त्या काळात आहार, झोप, व्यायाम यांना बंधनं असतात. या प्रक्रियेत शिकणाऱ्याला काय मिळतं हे सगळे सांगतात; शिकवणाऱ्याला काय मिळतं याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. चौदा दिवस एकाच मुलाच्या अंगावरून तळपाय फिरवणाऱ्या गुरुक्कळला त्याच्या कमरेचा कोणता भाग अडतो, कोणता खांदा जुन्या दुखापतीनं आवळला आहे, कोणत्या मांडीत ताकद कमी आहे, हे तपशीलवार कळतं. पुढच्या वर्षी त्याला केट्टुकारीत कोणत्या बाजूनं जोर द्यायचा हे तिथेच ठरतं. म्हणजे मर्दन ही त्या विद्यार्थ्याची वार्षिक तपासणी असते. बाहेरचा मालिशवाला कितीही कुशल असला तरी त्याच्या हाताला कळलेली गोष्ट आखाड्यापर्यंत पोहोचत नाही.

मर्मांचा विषय टाळता येत नाही आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त भाकडकथा आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं सांगितली आहेत आणि त्यांचे परिणामांवरून पाच गट केले आहेत: लगेच मृत्यू आणणारी १९, काही काळानं मारणारी ३३, रुतलेलं शल्य उपटल्यास मारणारी ३, अपंग करणारी ४४ आणि नुसती वेदना देणारी ८. यातला तिसरा गट पाहण्यासारखा आहे. बाण रुतलेला असेपर्यंत माणूस जगतो आणि ओढून काढला की मरतो, हे निरीक्षण रणांगणावरच्या वैद्याचं आहे. सुश्रुताची यादी शल्यविशारदासाठी आहे: कुठे कापू नये. कळरीची यादी, जिच्यात नेहमीच्या अभ्यासात ६४ मर्मं धरतात, त्याच नकाशाचा दुहेरी वापर करते: कुठे मारावं आणि मर्दन करताना कुठे दाबू नये. कानशिलाचं मर्म घ्या. तिथलं हाड कवटीत सर्वांत पातळ असतं आणि आतून रोहिणी जाते. आजच्या शरीरशास्त्रातही ती जागा धोक्याचीच आहे. म्हणून काही सगळी १०७ खरी ठरत नाहीत, आणि बोट लावलं की माणूस आठ दिवसांनी मरतो असल्या गोष्टींना कसलाही आधार नाही. असे दावे करणाऱ्या गुरूपासून चार हात लांब राहिलेलं बरं. पण माझ्या युक्तिवादाला मर्मशास्त्र अक्षरशः खरं असण्याची गरजच नाही. शरीराचा प्रत्येक भाग सारखा जोर सोसत नाही, आणि जोर लावणाऱ्याच्या डोक्यात त्याचा नकाशा असला पाहिजे, एवढं मान्य केलं तरी पुरे.

मालिशचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्नही टाळू नये. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी क्रीडा-मालिशवरचे २९ अभ्यास, मिळून १०१२ माणसं, एकत्र तपासले. ताकद, धाव, उडी, दमसास यांत मालिशमुळे सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. लवचीकपणा थोडा वाढला आणि व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी झालं. मालिशच्या दुकानदारांना हा निकाल गैरसोयीचा आहे. कळरीला मात्र तो फारसा अडचणीचा नाही. कच्चतिरुम्मूचा पारंपरिक दावाही मुख्यतः लवचीकपणाचाच होता. हत्तीच्या पवित्र्यात कंबर जमिनीलगत जावी म्हणून ते होतं. पक्षाघात बरा करतो, मणक्याची चकती जागेवर बसवतो, या पाट्या नंतर लागल्या आहेत आणि त्या खुशाल उतरवाव्यात.

काठी आणि मर्दन यांची जोडी फक्त केरळात आहे असंही नाही. थायलंडच्या उत्तरेकडच्या लान्ना प्रदेशात तोक-सेन नावाचा मर्दनाचा प्रकार आहे. त्यात लाकडी खुंटी स्नायूवर टेकवतात आणि लाकडी हातोडीनं तिच्यावर हलके, तालात ठोके देतात. हे साहित्य बरेचदा चिंचेचंच असतं. तिथेही सगळं कसब ठोका किती हलका ठेवायचा यातच आहे. महाराष्ट्रात फरी-गदगा हा तलवारीआधीचा लाकडी टप्पाच होता: कातडं चढवलेला दांडका आणि छोटी ढाल. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत लाठी, बनेटी, पट्टा अजून जिवंत आहेत, आणि तालमीत पठ्ठ्यांनी एकमेकांचं अंग रगडण्याची शिस्त तर कुस्तीइतकीच जुनी. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी सिद्ध केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या इंग्रजी सारात लाठी आणि मालिश दोन्हींना जागा आहे. पण आपल्याकडे या दोन गोष्टींची घरं वेगळी राहिली: मालिश कुस्तीच्या मातीत, लाठी मैदानात. लाठी शिकवणाऱ्याला शिष्याचं अंग हातानं माहीत नसतं आणि अंग जाणणाऱ्या वस्तादाच्या हाती सहसा लाठी नसते.

आता सर्वांत कठीण आक्षेप. उपचार हे शिकलेल्या वैद्याचं काम आहे, गुरुक्कळचं नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं: मान्यताप्राप्त पात्रतेशिवाय वैद्यकी करता येणार नाही. आजाराच्या बाबतीत हा निकाल मला योग्य वाटतो. परंपरेच्या नावाखाली चुकीची बसवलेली हाडं माणूस जन्मभर वागवतो. पण निष्णात माणसं वेगळी करणं आणि ज्ञान वेगळं करणं यात फरक आहे. जपानमध्ये ज्युदोच्या परंपरेतून आलेल्या हाडवैद्यांना १९२० मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि १९७० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. किमान तीन वर्षांचं शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा, आणि कक्षा ठरलेली: मुरगळ, मुका मार, सांधा निखळणं, हाड मोडणं. शेवटच्या दोहोंत प्रथमोपचाराच्या पुढे जायचं तर डॉक्टरची संमती हवी. मारण्याची विद्या आणि सावरण्याची विद्या एकत्र ठेवूनही कायद्याचा धाक ठेवता येतो, हे यातून दिसतं. आपण परंपरेला एकतर डोक्यावर घेतो किंवा दाराबाहेर काढतो. मधला रस्ता आपल्या प्रशासनाला का सुचत नाही कोण जाणे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल भक्त मंडळी बोलत नाहीत. गुरूच्या हातातली काठी शिष्याच्या पाठीवरही पडत आली आहे, आणि पालथ्या झोपलेल्या मुलाच्या अंगावर मोठ्या माणसानं उभं राहणं ही सत्तेचीच स्थिती आहे. मुली आखाड्यात आल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कळरीत आल्या, उतारवयातही मुलामुलींना काठी-तलवार शिकवत राहिल्या आणि २०१७ मध्ये पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. एक बाई गुरुक्कळच्या जागी बसली की पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतात. बाकी ठिकाणी नियम लिहूनच ठेवावे लागतील: मर्दन कोण करणार, कुणासमोर, मूल नको म्हणालं तर काय. मात्रेचा अभिमान बाळगणाऱ्या विद्येला हे जड जाऊ नये.

खेळाच्या दिशेनं जे चाललं आहे त्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं कळरीपयट्टूला गतका, थांग-ता आणि मल्लखांब यांच्याबरोबर खेलो इंडिया युवा स्पर्धांत घेतलं. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याला पदकांचा दर्जा होता. २०२५ मध्ये उत्तराखंडात त्याला नुसत्या प्रदर्शनाच्या यादीत टाकलं गेलं आणि केरळात संताप उसळला. पदक हवं, यात गैर काही नाही. पण गुण दिसणाऱ्या गोष्टींना मिळतात: उडीची उंची, काठीचा वेग. थांबवलेल्या फटक्याला गुण देणारा पंच अजून तयार व्हायचा आहे. दुसरीकडे, 'कळरी मसाज'ची पाटी लावायला कळरीत एक दिवसही उभं राहण्याची अट नाही. काही आठवड्यांचा कोर्स केलेला माणूस दोराला धरून पर्यटकाच्या पाठीवर चढू शकतो.

केरळच्या आयुष आणि पर्यटन खात्यांनी एवढंच करावं: कळरीच्या नावानं मर्दन विकणाऱ्यानं आपण ते कोणत्या कळरीत, कोणाकडे, किती वर्षं शिकलो हे दारावर लिहावं आणि पायांनी मर्दन करणाऱ्याची प्रात्यक्षिक परीक्षा व्हावी. आपल्याकडे शाळाशाळांतून मुलींसाठी लाठीची शिबिरं भरवणाऱ्यांनीही कार्यक्रमपत्रिकेत एक तास वाढवावा: फटका अंगाला टेकवून थांबवण्याचा आणि शिबिर संपताना एकमेकींचे खांदे-मनगटं मोकळी करण्याचा. आणि तुम्ही येत्या पावसाळ्यात तेल लावून घ्यायला केरळात जाणार असाल, तर चटईवर पालथं पडण्याआधी समोरच्याला विचारा, त्यानं केट्टुकारी किती वर्षं धरली आहे. उत्तर टाळलं, तर सरळ उठून या.